ताणतार जितकी घट्ट, तितकी बोट भक्कम?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. पवनचक्कीचा पोलादी मनोरा काँक्रीटच्या पायाला जखडलेला असतो, त्याला बाजूने एकही तार लागत नाही. पण पवनचक्की उभारण्याआधी वाऱ्याचा वेग मोजायला जो उंच, सडपातळ खांब लावतात, त्याची गोष्ट वेगळी. त्याला चहूबाजूंनी तारा ओढलेल्या असतात आणि त्या तोडल्या तर खांब आडवा होतो. धुळे-जळगावच्या माणसाला शिडाच्या बोटीची डोलकाठी समजून घ्यायची असेल, तर त्याने मनोरा विसरावा आणि हा खांब ध्यानात ठेवावा. बोटीबद्दलचे बरेचसे गैरसमज मनोरा डोळ्यांपुढे ठेवल्यानेच होतात.

पहिला गैरसमज असा की डोलकाठी बोटीच्या पोटात खोल रोवलेली असते आणि त्या जोरावर उभी राहते. काही बोटींत ती डेकमधून खाली तळापर्यंत जाते, हे खरे. पण असंख्य बोटींत ती डेकवरच्या एका खोबणीत नुसती टेकवलेली असते. तिला उभी धरतात त्या तारा: एक पुढे नाकाकडे, एक मागे, आणि दोन्ही बाजूंना जोड्या. महावितरणचे लाइनमन वळणावरच्या किंवा लाइन संपते तिथल्या खांबाला जो ताण देतात, तेच काम इथे या तारा करतात. भारतीय नौदलाची 'तारिणी' ही 56 फुटी बोट गोव्यात बांधलेली आहे. तिची डोलकाठी सुमारे 25 मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी उंच. एवढी उंच काठी समुद्रात उभी राहते ती ताणतारांच्या जोरावर.

या तारा ओढतात खालच्या दिशेने. त्यामुळे डोलकाठीवर सतत दाब असतो आणि सगळ्या तारांचा ताण एकवटून तिच्या तळाशी टनांत वजन पडते. दाबाखालची लांब काठी मध्येच बाक धरते. ते टाळायला आडव्या दांड्या, म्हणजे स्प्रेडर, बाजूच्या तारांना बाहेर ढकलून धरतात. स्प्रेडरचे टोक तारेच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला कोन बरोबर दुभागणारे असावे लागते. म्हणून ते थोडे वर उचललेले दिसते. नवख्याला वाटते, दांडी वाकडी बसली आहे.

आता सगळ्यांत चिवट गैरसमज: तार जितकी आवळाल तितकी बोट सुरक्षित. तार आवळायचा पेच, म्हणजे टर्नबकल, फिरवणाऱ्या हाताला हे इतके पटते की तो थांबतच नाही. बाजूच्या मुख्य तारांना बंदरात त्यांच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण 15 ते 20 टक्के ताण देतात. 19 पदरी, 6 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस तार जवळपास 3 टनांना तुटते, म्हणजे तिला साडेचारशे ते सहाशे किलोंच्या आसपास ताण पुरतो. त्याच्या फार पुढे गेले की पुढची आणि मागची तार बोटीची दोन्ही टोके वर ओढतात, डोलकाठी मधला भाग खाली दाबते आणि सांगाडाच वाकू लागतो. याची खूण घरगुती आहे: केबिनचे दार चौकटीत अडकू लागते. अशा वेळी सुतार बोलावून दार तासून घेणारे मालकही असतात.

ताण मोजायला महाग उपकरणच हवे, हेही खरे नाही. 19 पदरी तारेचा 2 मीटरचा तुकडा 1 मिलिमीटर लांबला, तर तो तिच्या क्षमतेच्या 5 टक्के ताण असतो, मग तार जाड असो की बारीक. तार नुसती हाताने आवळलेली असताना 2 मीटरची पट्टी वरच्या टोकाला तिच्यावर चिकटवायची, खालच्या टोकाशी खूण करायची आणि मग टर्नबकल फिरवायचा. 3 मिलिमीटर फरक पडला की 15 टक्के, 4 पडला की 20.

याच्या उलट टोकाचा गोंधळ पाण्यात गेल्यावर होतो. वाऱ्याने बोट कलली की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे खालच्या अंगाची तार सैल पडते. ते पाहून काही जण घाबरतात आणि तिथल्या तिथे आवळायला धावतात. बोट 15-20 अंश कलल्यावर ती तार किंचित ढिली वाटणे ठीक आहे. पण ती लोंबून हेलकावे खाऊ लागली, तर लाटेच्या प्रत्येक झोक्याला तिला हिसका बसतो आणि हिसक्यांनी धातू थकतो. म्हणून बंदरातली जुळणी ही फक्त सुरुवात. नवी तार पहिल्या काही फेऱ्यांत थोडी लांबतेच. मध्यम वाऱ्यात आधी एका अंगावर बोट हाकायची, सैल बाजूचे टर्नबकल मोजून काही फेरे आवळायचे, मग दुसऱ्या अंगावर वळून तितकेच. शेवटी डोलकाठीच्या पायथ्याशी डोळा लावून ती वरपर्यंत सरळ आहे का, ते पाहायचे.

तार मधोमध तुटते, ही कल्पना बहुधा सिनेमातून आली असावी. घात होतो तो टोकांशी आणि जोडण्यांशी. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत फ्रान्सचे 73 वर्षांचे झाँ-लुक व्हान डेन हेडे आघाडीवर होते. दक्षिण पॅसिफिकमध्ये बोट उलथली, तेव्हा तारा शाबूत राहिल्या. डोलकाठीवर खालच्या ताणतारा जिथे जोडल्या होत्या, ती जोडणीच काही सेंटिमीटर खाली सरकली आणि तारा ढिल्या पडल्या. चिलीच्या बंदराकडे वळायचा विचार त्यांनी केला, मग भर समुद्रात पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढून दोरांनी ती जागा आवळली. जानेवारी 2019 मध्ये तेच शर्यत जिंकले.

डोलकाठी मोडली म्हणजे जुळणी चुकली, असा निष्कर्षही घाईचा. त्याच शर्यतीत भारताचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' बोटीवर होते. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने त्यांना सोडवले. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांचीही डोलकाठी गेली, तर नेदरलँड्सच्या मार्क स्लॅट्स यांची बोट आडवी होऊनही डोलकाठी टिकली. बोट लाटेखाली उलटी फिरते, तेव्हा डोलकाठी पाण्यावर आपटते. त्या आघाताचा हिशेब टर्नबकलच्या फेऱ्यांत मावत नाही.

स्टेनलेसला गंज चढत नाही, हा समजही महागात पडतो. तारेचे टोक ज्या नळीत दाबून बसवलेले असते, तिथे आणि तार बोटीला जोडणाऱ्या, डेकमधून जाणाऱ्या पट्टीभोवती खारे पाणी अडकते. स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो. बंद फटीत तो मिळत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. बाहेरून चकाकी कायम. म्हणून अनुभवी खलाशी तारेवरून हात फिरवत नाहीत, कापूस फिरवतात: एक पदर तुटलेला असला तरी धागा अडकतो. 19 पैकी एक तुटला की तार बदलायची, वाट पाहायची नाही. डागही न दिसणाऱ्या तारा साधारण 10 ते 15 वर्षांत बदलाव्यात, असा प्रघात आहे.

आणि टर्नबकल? थरथरीने तो हळूहळू उलटा फिरतो. त्याला अडवते एक छोटी स्प्लिट पिन. तिचे पाय थोडेच फाकवून त्यावर टेप गुंडाळायची, म्हणजे शीड फाटत नाही आणि हातही कापत नाही. पाय हातोडीने पार दुमडून टाकू नयेत. डोलकाठी कोसळली, तर ती तारांना लटकून बोटीच्या कुशीवर आदळत राहते आणि भोक पाडू शकते. तेव्हा या पिना झटपट उपसून तारा मोकळ्या कराव्या लागतात. पिना नाहीच निघाल्या तर तार कापण्यासाठी बोल्ट कटर हाताशी ठेवतात.