नफा वाटायचा नाही, तरी सॉफ्टवेअर विकायचं : केम्ब्रिजच्या या संस्थेत काम चालतं कसं?

डोकं दुखलं की आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. या गोळीतल्या औषधाच्या स्फटिकात कोणता अणू नेमका कुठे बसलाय, याची एक नोंद इंग्लंडमधल्या केम्ब्रिजमध्ये ठेवलेली आहे. त्या नोंदीला सहा अक्षरांचं नावही आहे : एचएक्सएसीएएन. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी सांभाळणारी संस्था म्हणजे केम्ब्रिज क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटर, थोडक्यात सीसीडीसी.

ही संस्था सॉफ्टवेअर बनवते आणि विकते. मोठमोठ्या औषध कंपन्या तिच्या ग्राहक आहेत. पण तिला भागधारक नाहीत आणि नफा कुणाच्या खिशात जात नाही. मग ती चालते कशी? आणि तिथे काम करणारे दिवसभर करतात तरी काय?

सुरुवात कुठून झाली?

ओल्गा केनार्ड या मूळच्या बुडापेस्टच्या. १९३९ मध्ये त्या ब्रिटनला आल्या आणि पुढे स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ झाल्या. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्यावरून आतल्या अणूंच्या जागा काढता येतात.

त्या काळी हे निष्कर्ष वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेले असायचे. ते एकत्र आणले, तर एकेकट्या प्रयोगातून न दिसणारं काहीतरी दिसेल, असं केनार्ड आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी जे. डी. बर्नाल यांना वाटत होतं. त्यातून १९६५ मध्ये केम्ब्रिज विद्यापीठात हे काम सुरू झालं. आधी छापील खंड निघाले, मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं. पुढे संस्था विद्यापीठापासून स्वतंत्र झाली. २०१९ मध्ये तिच्याकडे दहा लाखावी नोंद झाली.

'ना-नफा' म्हणजे फुकट नाही

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ना-नफा संस्था पैसे कमवू शकते, पगार देऊ शकते आणि वर्षाअखेर शिल्लकही ठेवू शकते. फक्त ती शिल्लक कुणाला वाटता येत नाही, ती संस्थेच्या कामातच घालावी लागते. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खाली नोंदलेल्या कंपन्यांचं साधारण असंच असतं. सीसीडीसी ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहे आणि तिचा मुख्य आधार म्हणजे विद्यापीठं आणि कंपन्यांकडून येणारी वर्गणी.

नोकरी करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. स्टार्टअपसारखे शेअर मिळणार नाहीत आणि कंपनी विकली जाऊन कुणी रातोरात श्रीमंतही होणार नाही. केलेलं काम मात्र पुढच्या अनेक पिढ्यांच्या शास्त्रज्ञांना वापरता येतं.

रोजचं काम काय असतं?

जगभरातले संशोधक आपल्या स्फटिकाच्या मोजमापांची फाइल इथे पाठवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून टोकियोपर्यंत सगळीकडून त्या येतात. आधी सॉफ्टवेअर फाइल तपासतं. मग रसायनशास्त्र शिकलेले संपादक तिच्यावर नजर टाकतात. बंध योग्य दाखवलेत का, एखादा हायड्रोजन राहिलाय का, हे बघावं लागतं.

दुसरीकडे सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी असतात. 'मर्क्युरी' या प्रोग्रॅममध्ये स्फटिक फिरवून बघता येतो. 'गोल्ड' हा प्रोग्रॅम औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल, याचा अंदाज बांधतो. इथे नुसतं कोडिंग येऊन भागत नाही. प्रोग्रॅम बंद पडला तर चूक लगेच कळते. पण उत्तर दिसायला नीट आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचं आलं, तर ती चूक कुणाच्या तरी प्रयोगशाळेत जाऊन पोहोचते.

एवढं जपायचं कशाला?

रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कारखान्यात अचानक त्याचे वेगळ्या रचनेचे स्फटिक तयार होऊ लागले. रेणू तोच, पण मांडणी वेगळी. नवा प्रकार खूपच कमी विरघळायचा. त्यामुळे कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या आणि रुग्णांची औषधासाठी ओढाताण झाली.

पुढे सीसीडीसीच्या संशोधकांनी साठवलेल्या लाखो रचनांवरून, रेणूतले कोणते भाग एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडतील याची शक्यता मोजायची पद्धत तयार केली. रिटोनाविरला ती लावली, तेव्हा पहिल्या प्रकारातली मांडणी डळमळीत असल्याची खूण दिसली. आता असा धोका आधीच ओळखायला औषध कंपन्यांना या माहितीची मदत होते.

पण हा सगळा डोलारा नोंदी खऱ्या असण्यावर उभा आहे. २०२२ मध्ये, पैसे घेऊन शोधनिबंध बनवून देणाऱ्या टोळ्यांशी जोडल्या जाणाऱ्या जवळपास हजार नोंदींवर शंका घेतली गेली. त्या तपासायच्या आणि वापरणाऱ्यांना सावध करायचं कामही याच लोकांवर आलं.

न सुटलेला प्रश्न

एकेक रचना कुणालाही फुकट बघता येते. पण पूर्ण साठा आणि त्यात बारकाईने शोध घेणारं सॉफ्टवेअर हवं असेल, तर वर्गणी भरावी लागते. माहिती दिली शास्त्रज्ञांनी, मग पैसे कशाचे, असं काही जण विचारतात. २००३ पासून 'क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस' नावाचा पूर्ण खुला साठाही सुरू आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की प्रत्येक नोंद माणसाने तपासायची तर त्याला पगार द्यावा लागतो, आणि तो फक्त सरकारी अनुदानावर सोडला तर अनुदान थांबलं की कामही थांबतं.

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. अशा संस्थेत काम करणाऱ्याला हा प्रश्न सोबत घेऊनच रोज कामाला बसावं लागतं : दार किती उघडं ठेवायचं, आणि दिव्याचं बिल कुणी भरायचं?