भाव मोबाइलवर, माल यार्डात

दिवाळीच्या तोंडावर रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग पडतात आणि हर्रास सुरू होण्याआधीच बऱ्याच शेतकऱ्यांना त्या दिवसाचा भाव अंदाजे ठाऊक असतो. रात्री शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीन वरखाली झालं, सकाळी लातूर-इंदूरकडच्या सॉल्व्हंट प्लांटांनी आपले खरेदीदर सोडले, की ते आकडे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांतून सेनगाव आणि मेहकरच्या वाटेवरच्या खेड्यांपर्यंत चहाच्या आत पोचतात. रिसोडला रेल्वे नाही. बाहेरच्या पेठेचा भाव एकेकाळी ट्रंक कॉल लागला तर कळायचा, नाहीतर ट्रक ड्रायव्हरच्या तोंडून. तेव्हा अडत्याच्या गादीवरचा काळा फोन हेच त्याचं निम्मं भांडवल होतं.

ते भांडवल आता सगळ्यांच्या खिशात आलं. मग भावही सगळ्यांना मिळू लागला का?

याची दोन उत्तरं अभ्यासकांनी देऊन ठेवलीत आणि ती एकमेकांशी भांडतात. आयटीसी कंपनीने २००० साली मध्य प्रदेशच्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केलं: गावात एक संगणक, त्यावर रोजचा दर, आणि पटला तर थेट कंपनीला विक्री. अपराजिता गोयल यांनी तिथल्या मंड्यांचे आकडे तपासले, तेव्हा सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्के वाढलेला दिसला. दुसरा अभ्यास आपल्याच राज्यातला. रॉयटर्सने २००७ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी एसएमएस सेवा काढली. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं मराठीत. फाफशां आणि मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तिची परीक्षा घेतली. पिकांमध्ये सोयाबीनही होतं. मेसेज मिळणाऱ्यांना न मिळणाऱ्यांपेक्षा जास्त भाव मिळाल्याचं काही दिसलं नाही.

मला यात विसंगती वाटत नाही. ई-चौपालने दराबरोबर दुसरा गिऱ्हाईक उभा केला. एसएमएसने नुसता दर सांगितला. ज्याला आज विकायचंच आहे, त्याला उद्याचा किंवा लातूरचा भाव कळून उपयोग काय?

थांबायची सोय कागदावर आहे, आणि जुनी आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल गोदामात ठेवायचा, बाजारभावाने होणाऱ्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची आणि १८० दिवसांत भाव बघून विकायचं. २०१७ पासून गोदामाची पावतीही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली, म्हणजे माल न हलवता ती पावतीच तारण ठेवता येते किंवा विकता येते. माझ्या मते सोयाबीनवाल्यांसाठी गेल्या वीस वर्षांत आलेलं सर्वांत कामाचं तंत्रज्ञान हेच. आणि पारावर सर्वांत कमी बोललं जातं तेही याबद्दलच. व्हॉट्सअॅपवरचा भाव मात्र सगळे वाचून दाखवतात.

२०२४ ची सरकारी खरेदी आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये, यार्डातला भाव ४ हजारांच्या आसपास. नोंदणी ऑनलाइन. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी, म्हणजे शेतकऱ्याने बांधावर उभं राहून मोबाइलमधून पिकाचा फोटो चढवलेला हवा (राज्यभर हे २०२१ पासून सुरू झालं). मग माल कधी आणायचा त्याचा मेसेज येणार. पुढे आडवा आला ओलावा: मर्यादा १२ टक्के होती, ती नोव्हेंबरात १५ वर नेली. त्यातून सुटलं, तर राज्यातल्या कितीतरी केंद्रांवर बारदानाच संपला. नोंदणी झाली, मेसेज आला, पोती नाहीत म्हणून काटा बंद.

यार्डाच्या बाहेर पेठेत आलं की चित्र बदलतं. इथल्या दुकानांत आलेल्या यंत्रांपैकी बरीचशी दुकानदाराने हौसेने आणलेली नाहीत, कायद्याने आणवलेली आहेत. कृषी सेवा केंद्रातलं पॉस मशीन घ्या. २०१८ पासून देशभर अनुदानित खत त्याच्यावर नोंदवूनच विकावं लागतं, कारण कंपनीला अनुदान मिळतं ते विक्रीची नोंद झाल्यावर. पेरणीच्या घाईत दारात रांग, रेंज गेलेली, आणि नांगर-विळ्याने रेषा झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही. मग घरातल्या कुणा दुसऱ्याचा अंगठा शोधायचा. सराफाकडे १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला, तो गिऱ्हाइकाला बीआयएस केअर अॅपवर टाकून पाहता येतो. वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सराफाला मात्र हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, आणि लहान गावचा गिऱ्हाईक अजून सराफाच्या आजोबांपासूनच्या ओळखीवर सोनं घेतो. ट्रान्सपोर्टवाल्याला फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाला. त्याच्या ई-वे बिलाची गंमत अशी की यार्डातून निघालेल्या सोयाबीनच्या ट्रकला ते लागतं, कारण सोयाबीनवर ५ टक्के जीएसटी. सुट्या तुरीवर कर नाही, म्हणून शेजारचा तुरीचा ट्रक त्याच्याविना सुटतो.

स्वखुशीने आलेलं तंत्रज्ञान ओळखायचं असेल तर पतसंस्थेचा पिग्मी एजंट बघावा. ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये कर्नाटकात सुरू केली. आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती गल्लीगल्लीत नेली. पूर्वी एजंट वहीत लिहायचा, संध्याकाळी शाखेत उतरवायचा, आणि मधल्या वेळात पैसा कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. आता हातातल्या मशीनवर किंवा मोबाइलवर आकडा टाकला की भाजीवालीच्या फोनवर मेसेज पडतो. विश्वासाचा प्रश्न दोन सेकंदांत मिटतो, म्हणून ते कुणी शिकवावं लागलं नाही. कापड दुकानदाराला सुरतेहून साड्यांचे फोटो मोबाइलवर येतात, तिथे जायचे हेलपाटे वाचतात. छापखान्याचं मात्र उलटं झालं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने मराठी डीटीपी गावोगाव नेलं आणि लग्नसराई त्यावर उभी राहिली. आता पत्रिका मोबाइलवर फिरते आणि छापतात ती देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरांना देण्यापुरती.

आणि उधारी? कृषी केंद्रातला संगणक खताचं, औषधाचं बिल जीएसटीसकट काढून देतो. पण त्यात पैसे कधी येणार याची तारीख टाकायची म्हटली, तर इथल्या उधारीची तारीख असते 'सोयाबीन निघाल्यावर'. तिच्यासाठी वेगळी वही लागते. उधारीचा दर रोखीपेक्षा वर असतो, तो फरकही वहीतच राहतो. बऱ्याचदा जूनमध्ये बियाणं-खत उधार देणारा आणि ऑक्टोबरात माल घेणारा एकाच घरातला निघतो. अशा शेतकऱ्याच्या मोबाइलवर सकाळी लातूरचा दर शंभर रुपयांनी जास्त दिसला, तरी त्याची ट्रॉली उभी राहते ती त्याच गादीसमोर. पट्टीतून आधी जूनचे पैसे वळते होतात आणि उरलेले चुकाऱ्यात मिळतात.