चौकट : बलुत्याची कामे

सातारा-सांगलीकडील जुन्या गावगाड्यात विहिरीवर एक मोट चालावयाची तर सुताराने घडविलेले चाक, लोहाराने ठोकलेले कडे, चांभाराने शिवलेले चामडे आणि मांगाने वळलेला नाडा अशा अनेक कसबी हातांचा संयोग घडावा लागे. आणि या श्रमांचा मोबदला रोखीने नव्हे, तर सुगीत खळ्यावर ज्वारीच्या पेंढ्यांनी किंवा धान्याच्या मापाने चुकता होई. कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मुलाणी हेही त्याच वाट्याचे हक्कदार. या बारा बलुतेदारांची यादी मात्र गावोगाव बदलत असे. दूर पेरूच्या इंका राज्यातही नाण्यावाचून व्यवहार चाले, परंतु तेथील प्रजा आळीपाळीने राज्याचे रस्ते व कोठारे बांधून श्रमरूपाने कर फेडी. येथील बलुतेदार प्रामुख्याने गावाशी बांधलेला. अपवाद महाराचा : वेशीची राखण, सरकारी निरोप, वसुलाची पोच, अशी अहोरात्र ताबेदारी त्याच्या माथी असे, आणि तिच्या मानाने मिळणारे वतन अन्याय्य म्हणावे इतके तुटपुंजे होते. ज्यांचे बालपण काही काळ साताऱ्यात गेले, त्या डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव-वतने कायद्याने रद्द होण्यास मात्र 1958 साल उजाडावे लागले.