मैफलीचें ध्वनिमुद्रण : एक अस्सल साधन

कलावंताची कीर्ति ऐकीव असते. प्रत्यक्ष मैफलीचें ध्वनिमुद्रण मात्र समकालीन साधन होय. १६ जानेवारी १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें बेनी गुडमन याच्या जॅझ वाद्यवृंदाची मैफल झाली. ती तबकड्यांवर उतरून घेतली होती. कोलंबिया कंपनीनें ती १९५० सालीं प्रसिद्ध केली. तत्कालीन बाजारी तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटेंच मावत; येथें ‘सिंग, सिंग, सिंग’ हें वादन सुमारें बारा मिनिटें चालतें, श्रोत्यांच्या टाळ्याही ऐकूं येतात. मधल्या बारा वर्षांत त्या तबकड्या नष्ट होत्या, तर हा पुरावा कायमचा बुडाला असता. आपल्याकडील खासगी मैफलींच्या फितीही कित्येक घरीं पडून आहेत. जुन्या दप्तरांप्रमाणें त्याही वेळींच जपाव्या, ही वाचकांस विनंति.