चाकांवरचं घर चोरांना इतकं सोपं का वाटतं? आणि फिरायला गेल्यावर ते वाचवायचं कसं?

साध्या घरात चोरी झाली तर सामान जातं, घर जागेवर राहतं. मोटरहोमचं तसं नाही. तिथे सामानही जाऊ शकतं आणि सामानासकट अख्खं घरही. कारण त्या घराला चाकं असतात आणि पुढे इंजिन असतं.

युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इकडे मोटरहोमने फिरणं ही नेहमीची गोष्ट. तिकडे नोकरीला असलेली किंवा सुट्टीत जाणारी मराठी कुटुंबंही आता भाड्याने मोटरहोम घेऊन आठ-दहा दिवस फिरून येतात. रोज नवं हॉटेल शोधायचं टेन्शन नाही, वरण-भाताचा कुकर आतच लागतो, पोरं पेंगली की मागे बेड तयार.

पण गाव बघायला खाली उतरलं की पासपोर्ट, लॅपटॉप, कॅमेरा, कपडे सगळं मागे गाडीतच राहतं. परत आल्यावर फुटलेली काच दिसली तर ट्रिप तिथेच संपते. पासपोर्ट गेला असेल तर पुढचे दिवस पोलीस स्टेशन आणि दूतावासाच्या चकरा मारण्यात जातात.

म्हणूनच मोटरहोम उघडणं चोरांना सोपं का जातं, हे आधी समजून घेऊ. ते कळलं की उपायही आपोआप कळतात.

एवढी मोठी गाडी, मग ती कच्ची कशी?

मोटरहोम एका कारखान्यात तयार होत नाही. युरोपातल्या मोटरहोमचं उदाहरण घेऊ. यातल्या खूप गाड्या फियाट ड्युकाटो या व्हॅनवर बांधलेल्या असतात. ही व्हॅन १९८१ पासून बाजारात आहे. पुढची केबिन, इंजिन आणि खालचा सांगाडा व्हॅन कंपनीचा. मागचं 'घर' मात्र दुसरी कंपनी बांधते.

हे घर हलकं ठेवावं लागतं. युरोपात नेहमीच्या कार लायसन्सवर आजवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता आली आहे. त्या वजनात बेड, किचन, संडास, पाण्याची टाकी आणि माणसं बसवायची म्हणजे भिंती पातळ होणारच. बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम, आतून पातळ प्लाय. खिडक्या काचेच्या नसतात, अॅक्रिलिकच्या असतात आणि त्या आतून छोट्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर बंद होतात. एक मजबूत स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला की काम झालं.

अमेरिकेतली गंमत अजून वेगळी. तिथल्या असंख्य मोटरहोमच्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांना एकाच नंबरची किल्ली लागते, सीएच ७५१. ती दुकानात आणि ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळते. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या गाडीवाल्याची किल्ली तुमचाही कप्पा उघडू शकते.

पुढच्या केबिनचे दरवाजे त्या मानाने भक्कम. पण त्याच मॉडेलच्या व्हॅन डिलिव्हरीसाठी लाखोंनी फिरतात. त्यांची कुलपं कशी उघडायची याची चोरांना चांगली सवय झालेली असते.

चोर दोन प्रकारचे

पहिल्या चोराला गाडीतलं सामान हवं असतं. तो दिवसाढवळ्या येतो, पार्किंगमध्ये हेरतो आणि काही मिनिटांत बॅग उचलून गायब होतो. दुसऱ्याला गाडीच हवी असते. तो शक्यतो रात्री येतो, हातात उपकरणं घेऊन येतो.

दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघांनाही वेळ नको असतो आणि आवाज नको असतो. जगातलं कुठलंही कुलूप तुटतंच. पण ते तोडायला दहा मिनिटं लागणार असतील, तर चोर शेजारच्या गाडीकडे जातो. सगळा खेळ ही दहा मिनिटं वाढवण्याचा आहे.

सामान वाचवायचं तर

सर्वात मोठा फरक पडतो तो जागेने. हायवेवरचे थांबे जेवायला, पाय मोकळे करायला ठीक आहेत. पण तिथे रात्र काढू नये, असा सल्ला युरोपात फिरणारे जुने लोक देतात. कारण साधं आहे. तिथे सगळेच एकमेकांना अनोळखी असतात, त्यामुळे कोण कोणाच्या गाडीशी काय करतंय याकडे कोणाचं लक्ष नसतं. शिवाय चोराला थेट हायवेवर पळता येतं. त्यापेक्षा गेट असलेलं कॅम्पसाइट किंवा गावाने मोटरहोमसाठी ठेवलेली जागा बरी. तिथे शेजारी असतात आणि त्यांना तुमची गाडी माहीत असते.

दिवसा शहर बघायचं असेल तर मोटरहोम कॅम्पसाइटवर ठेवून बस किंवा ट्रेनने जाणं सोयीचं. समुद्रकिनारा, धबधबा किंवा व्ह्यू पॉइंटजवळची पार्किंग जास्त जपायची. तिथे उतरलेला माणूस तासभर तरी परत येत नाही, हे चोरालाही माहीत असतं.

स्पेनच्या हायवेंवर आणखी एक प्रकार चालतो. बाजूने जाणारी गाडी खुणा करते, 'टायर बघा, काहीतरी लोंबकळतंय'. तुम्ही थांबता, मागे बघायला उतरता आणि तेवढ्यात दुसरा माणूस केबिनमधून पर्स उचलतो. परदेशी नंबरच्या आणि भाड्याच्या गाड्यांना यात जास्त हेरलं जातं. असं झालं तर पेट्रोल पंप किंवा गर्दीचं ठिकाण येईपर्यंत थांबू नका. थांबावंच लागलं तर इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका आणि सगळे दरवाजे लॉक करूनच उतरा.

बाकीच्या सवयी छोट्या आहेत, पण कामाच्या आहेत.

• डॅशबोर्डवर मोबाइलचा होल्डर, चार्जिंगची वायर, चिल्लर काहीच ठेवायचं नाही. रिकामी बॅगही नाही. ती रिकामी आहे हे चोराला काच फोडल्यावरच कळतं.
• उकडतंय म्हणून छतावरची खिडकी उघडी ठेवलेली असते. उतरताना ती बंद आहे का बघायचं.
• पासपोर्ट आणि कार्ड अंगावरच्या पाऊचमध्ये. सगळ्यांचे एकाच बॅगेत कधीच नाहीत.
• गाडी स्वतःची असेल तर सीटच्या खाली सांगाड्याला बोल्टने कसलेली छोटी तिजोरी बसवून घेता येते. नुसती कपाटात ठेवलेली तिजोरी म्हणजे चोरासाठी हँडल नसलेली बॅग.
• घराच्या दाराला आणि खिडक्यांना जास्तीची कुलपं मिळतात. बाहेरून दिसतील अशीच लावायची, म्हणजे चोर प्रयत्न करण्याआधीच विचार बदलतो.

भाड्याच्या गाडीत भोकं पाडून कुलूप बसवता येत नाही. तिथे एक जुगाड चालतो. पुढच्या दोन्ही दरवाजांची आतली हँडल एका मजबूत पट्ट्याने एकमेकांना ताणून बांधायची आणि मागच्या दाराने उतरायचं. पुढचं कुलूप उघडलं तरी दरवाजा उघडत नाही. मात्र रात्री आत झोपताना हा पट्टा झटक्यात सुटेल असाच हवा. आग लागली तर त्याच दरवाजातून बाहेर पडायचं असतं.

अख्खी गाडी वाचवायची तर

युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर बंधनकारक झाला. किल्लीत एक चिप असते, ती गाडीने ओळखली तरच इंजिन चालू होतं. त्यामुळे वायर जोडून गाडी पळवण्याचे दिवस संपले.

पण चोरांनी दुसरा रस्ता काढला. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. गॅरेजवाला तिथेच मशिन लावून गाडीतला दोष शोधतो. चोर त्याच सॉकेटला आपलं उपकरण जोडतो आणि गाडीला नवी किल्ली 'शिकवतो'. गाडीला वाटतं मालकच आला.

यावर उपाय जुना आहे, लोखंडाचा. स्टिअरिंगला लावायचा दांडा, पेडल लॉक किंवा चाकाला लावायचा क्लॅम्प. कॉम्प्युटर फसवता येतो, पण लोखंड कापायला वेळही लागतो आणि आवाजही होतो. त्या सॉकेटवर बसवायचं झाकण-कुलूपही मिळतं. काही जण इंजिनचा पुरवठा तोडणारा छुपा स्विच बसवतात. तो कुठे आहे हे फक्त घरच्यांना माहीत असतं.

यानंतर ट्रॅकर. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर गाडीची जागा थेट सांगतो. अॅपलचा एअरटॅग स्वस्त पडतो, पण तो जवळपासच्या आयफोनच्या मदतीने जागा कळवतो, म्हणजे ओसाड भागात गप्प बसतो. शिवाय 'अनोळखी टॅग सोबत फिरतोय' असा इशारा चोराच्याही फोनवर जातो. त्यामुळे ट्रॅकर हा कुलपाला पर्याय नाही. आणि नकाशावर गाडी दिसली म्हणून एकट्याने आणायला जायचं नाही. लोकेशन पोलिसांना द्यायचं.

गॅस सोडून बेशुद्ध करतात, हे खरं का?

मोटरहोमवाल्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते. चोर रात्री खिडकीतून गॅस सोडतात, सगळे बेशुद्ध होतात आणि मग ते निवांत चोरी करतात.

यावर ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सने, म्हणजे भूलतज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट मत दिलंय. झोपलेल्या माणसाला कळू न देता खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून बेशुद्ध करणं शक्य नाही. ईथरचा वास इतका उग्र असतो की माणूस जागा होईल. अख्खी गाडी भरायला तो प्रचंड लागेल आणि वर तो पेट घेणारा. दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस गाढ झोपतो आणि चोर हळू पावलांनी येतो, एवढंच पुरेसं असतं. म्हणून गॅसच्या भीतीवर पैसे घालण्यापेक्षा दाराच्या कुलपावर घातलेले बरे.

तरीही चोरी झालीच तर

युरोपात ११२ लावायचा. पोलिसांचा लेखी रिपोर्ट घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, कारण पुढचं सगळं त्या कागदावर चालतं. पासपोर्ट गेला असेल तर तोच रिपोर्ट घेऊन भारतीय दूतावासात जावं लागतं. लगेच परतायचं असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकतं, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं. पुढची ट्रिप त्यावर होत नाही.

इन्शुरन्सची एक बाजू बऱ्याच जणांना उशिरा कळते. गाडीचा विमा साधारणपणे गाडीचा असतो, आतल्या लॅपटॉपचा नाही. त्यासाठी प्रवास विमा लागतो आणि त्यातही गाडीत सोडलेल्या सामानाबद्दल अटी असतात. निघण्याआधी त्या वाचायच्या. पासपोर्ट, व्हिसा, गाडीचे कागद आणि चॅसी नंबर यांचे फोटो फोनबाहेर कुठेतरी सेव्ह करून ठेवायचे, कारण फोनही त्याच बॅगेत जाऊ शकतो.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून कोकणात किंवा सह्याद्रीत कॅम्परव्हॅनने जाण्याची चर्चा इथेही वाढली आहे. इथेही तातडीचा नंबर ११२ च आहे. किल्ल्यावर चढायला निघताना पायथ्याशी व्हॅन लावायची असेल, तर रस्त्याकडेला सोडण्यापेक्षा गावातल्या एखाद्या घरासमोर, विचारून आणि चार पैसे देऊन लावावी. दिवसभर तिच्यावर कोणाची तरी नजर राहते.