बिल्ड कॉन्फिगरेशन फाइलींचे व्यवस्थापन (कंटिन्युअस इंटिग्रेशन)

कंटिन्युअस इंटिग्रेशन, अर्थात सातत्याने एकत्रीकरण, या पद्धतीत संगणक प्रणालीच्या कोडमध्ये झालेला प्रत्येक बदल सर्व्हरवर आपोआप बांधला व तपासला जातो. ही बांधणी मेव्हन, ग्रेडल, एनपीएम यांसारखी बिल्ड साधने करतात. या साधनांना लागणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइली कोठे ठेवाव्यात, त्यांतील गुप्त माहिती कशी जपावी आणि त्या प्रत्येक यंत्रावर कशा पोहोचवाव्यात, हा या व्यवस्थापनाचा विषय होय.

मेव्हनमध्ये दोन फाइलींतील भेद मूलभूत आहे. पॉम.एक्सएमएल ही फाइल प्रकल्पाची असून ती कोडसोबतच राहते. तीत अवलंबित्वे व प्लगिन यांची नोंद असते. सेटिंग्ज.एक्सएमएल ही मात्र वापरकर्त्याची वा यंत्राची फाइल आहे. प्रॉक्सी, आरसा-भांडारे आणि भांडारांचे पासवर्ड तीत येतात. समजा, एका विद्यार्थी प्रकल्पाचे काही सदस्य अमरावतीच्या महाविद्यालयातील प्रॉक्सीमागे काम करतात आणि काही अकोल्यात घरच्या जोडणीवर. प्रॉक्सीचा पत्ता पॉममध्ये लिहिला, तर अकोल्यातील बांधणी विनाकारण अडेल. सर्व्हरची गरज तर या दोघांहून वेगळी असते. म्हणूनच परिस्थितीनुसार बदलणारी माहिती प्रकल्पाच्या फाइलीबाहेर ठेवतात.

==सर्व्हरवरील वितरण==

प्रत्येक यंत्रावर सेटिंग्ज.एक्सएमएल हाताने ठेवणे सोपे वाटते; पण यंत्रे वाढली की प्रतींत तफावत पडते आणि एकच कोड एका यंत्रावर बांधला जातो, दुसऱ्यावर नाही. जेनकिन्स या सर्व्हरसाठी (२०११ पूर्वी तो हडसन या नावाने ओळखला जाई) कॉन्फिग फाइल प्रोव्हायडर हे प्लगिन उपलब्ध आहे. त्यात फाइल मध्यवर्ती ठिकाणी लिहिली जाते, बांधणीच्या वेळी संबंधित यंत्रावर तात्पुरती उतरवली जाते व काम संपताच काढून टाकली जाते. पासवर्ड फाइलीत न लिहिता जेनकिन्सच्या क्रेडेन्शियल साठ्यातून आयत्या वेळी भरले जातात. गिटहब अॅक्शन्समध्ये फाइलीत पर्यावरण-चलाचे केवळ नाव लिहून मूल्य बाहेरून देण्याची पद्धत रूढ आहे.

==गुप्तता==

पासवर्ड असलेली फाइल चुकून गिटमध्ये गेल्यास ती नंतर काढली तरी इतिहासात शिल्लक राहते. अशा वेळी पासवर्ड बदलणे हाच खात्रीचा उपाय. मेव्हनमध्ये पासवर्ड कूटबद्ध करता येतात. परंतु उलगडण्याची मुख्य किल्ली त्याच यंत्रावर असल्याने हे संरक्षण मर्यादितच म्हणावे लागते.

पर्यावरण-चलेही निर्धोक नाहीत. कोडकव्ह या सेवेच्या अपलोड स्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारी २०२१ पासून घुसखोरांनी फेरफार केले होते. ही स्क्रिप्ट ग्राहकांच्या बांधणीतील पर्यावरण-चले परस्पर बाहेर पाठवीत असे, आणि १ एप्रिलपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. त्यामुळे एखाद्या टप्प्याला आवश्यक तेवढेच गुपित द्यावे, सर्व बांधणीला सरसकट देऊ नये.

==अग्रक्रम==

मेव्हनच्या स्थापनेतील आणि वापरकर्त्याच्या अशा दोन्ही सेटिंग्ज फाइली उपलब्ध असल्यास त्या एकत्र केल्या जातात व विसंगती आढळल्यास वापरकर्त्याची फाइल वरचढ ठरते. भांडाराची ओळख दोन्हीकडे, म्हणजे पॉम व सेटिंग्ज या फाइलींत, अक्षरशः सारखी असावी लागते. अन्यथा पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. प्रत्यक्षात कोणती मूल्ये लागू झाली, हे मेव्हनच्या हेल्प प्लगिनमधील ‘इफेक्टिव्ह-सेटिंग्ज’ या आज्ञेने पाहता येते.