सॉर्टेक्सचा वेग आणि हरभऱ्यातील भुंगेरा

लातूर-अकोल्याच्या डाळ गिरण्यांत रुळलेली रंगवर्गीकरण यंत्रे, म्हणजेच व्यापाऱ्यांचे ‘सॉर्टेक्स’, काही शेतकरी उत्पादक कंपन्याही वापरू लागल्या आहेत. हंगामात आवक वाढली की यंत्राचा वेगही वाढवला जातो. अशा वेळी कीडग्रस्त दाणा निसटू नये म्हणून यंत्राचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

पट्ट्यावरून येणाऱ्या दाण्याची प्रतिमा कॅमेरा टिपतो, संगणक रंग व डाग तपासतो आणि हवेचा झोत सदोष दाणा बाजूला फेकतो. कडधान्यावरील भुंगेऱ्याने हरभऱ्यास पाडलेले छिद्र साधारण २ मिलिमीटरचे असते. पट्टा सेकंदाला ३ मीटर धावत असेल आणि प्रतिमा टिपण्यास १ मिलिसेकंद लागत असेल, तर तेवढ्यात दाणा ३ मिलिमीटर पुढे सरकतो व छिद्र पुसट होते. हा काळ एक दशांशावर आणल्यास सरक ०.३ मिलिमीटर उरते. मात्र प्रकाश दहापट लागतो.

झोताची वेळही नव्याने जुळवावी लागते. या वेगाला २ मिलिसेकंदांची चूक म्हणजे ६ मिलिमीटर, जवळपास एका दाण्याचे अंतर. किडका दाणा पुढे जातो व शेजारचा चांगला दाणा फेकला जातो. भरण दाट केल्यास दाणे एकमेकांआड दडतात, ते वेगळेच.

यंत्राची चाचणी : स्वच्छ हरभऱ्यात छिद्र असलेले १०० दाणे मोजून मिसळावेत. प्रत्येक वेगाला तीनदा चाचणी घेऊन किती किडके दाणे निसटले आणि किती चांगले दाणे बाहेर पडले, हे नोंदवावे. त्यावरूनच वेग ठरवावा.

कॅमेऱ्याची मर्यादा : मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते, अळी थेट आत शिरते. भुंगेरा बाहेर पडेपर्यंत छिद्र दिसत नाही. त्यामुळे आज ‘स्वच्छ’ ठरलेला माल महिनाभराने किडका निघू शकतो आणि खरेदीदाराचा विश्वास उडतो.

यासाठी प्रतवारीपूर्वी भिंगाखाली पांढरी अंडी पाहावीत. अर्धा किलो नमुना कापड बांधलेल्या बरणीत चार आठवडे ठेवून भुंगेरे निघतात का, ते तपासावे. मळणीनंतर दाणे नीट वाळवून कीडमुक्त, हवाबंद साठवण करावी. दाण्यात दडलेल्या अळीचा बंदोबस्त यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच व्हायला हवा.